‘हात लावू का?’ असं विचारणाऱ्या बाईंना

पुणे, जानेवारी अखेर

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. कर्वे रोडवरच्या त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सगळे तुम्हाला ‘बाई’ म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. आपण तीनदा भेटलो आणि मग तुमचं येणं थांबलं. काउंटरवरच्या मुलीकडे तुमचा नंबर मागितला, तिने दिला नाही. तिचं बरोबरच आहे, मागणाऱ्या कुणालाही तिने तो देऊ नये. पण मग आभार मानायचे कसे? शेवटी हे पत्र असं उघडच लिहायला घेतलं. तुमच्या ओळखीच्या कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचेल.

पहिली बातमी ही, की स्कार्फ पूर्ण झाला. हे लिहितेय तेव्हा आई तो गळ्याभोवती घेऊन खिडकीत पेपर वाचत बसली आहे.

तुम्हाला मी तेव्हा घाईघाईत अर्धवटच सांगितलं होतं, आता नीट सांगते. आई ८४ वर्षांची आहे. उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलेला. हात वर जात नाही, त्यामुळे स्वेटर घालणं म्हणजे तिला आणि मला दोघींनाही शिक्षा. आमचं घर ओंकारेश्वराच्या बाजूला, नदीकडून वारा येतो आणि डिसेंबरात पहाटे खिडकीच्या गजांना हात लावला तर दचकायला होतं. घरात शाली पाच-सहा तरी असतील. कुणाच्या लग्नात मिळालेल्या, कुणाच्या सत्कारातल्या. खांद्यावर घातली की दहा मिनिटांत आई ती काढून बाजूला ठेवायची. ‘ओझं होतंय गं,’ म्हणायची. शालीचं ओझं! आयुष्यभर दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन मंडईतून चालत येणाऱ्या बाईला शालीचं ओझं होतं, हे ऐकून मला रात्री झोप लागेना.

तेव्हा कुठेतरी वाचलेलं आठवलं. रशियात ओरेनबर्गला बकरीच्या मऊ लोकरीच्या शाली विणतात, अख्खी शाल बोटातल्या अंगठीतून आरपार ओढून काढता येते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथेही तशाच विणतात. इतक्या पातळ विणीत ऊब कुठून येते, तर जाळीच्या भोकाभोकांत थांबून राहिलेल्या हवेतून. लोकर स्वतः फार थोडी असते. हे वाचल्यावर ठरवलं, आईला असंच काहीतरी विणून द्यायचं, गळ्यात आहे हे तिला कळूसुद्धा नये इतकं हलकं. विणकाम मला येत होतं, पण बाळाची टोपी आणि मोजे एवढंच. सुलट, उलट, झालं. जाळीची वीण कधी केली नव्हती. मेरिनोची बारीक लोकर मागवली, अबोली रंगाची, ५० ग्रॅमच्या लडीत ४०० मीटर. सुया रविवार पेठेत बोहरी आळीतून आणल्या, ४ मिलिमीटरच्या. आणि एका क्लासला नाव घातलं.

त्या क्लासबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण तुमचे आभार का मानतेय, ते त्याच्याशिवाय कळणार नाही.

शेटलंडचीच जुनी, लाटांची वीण मी घेतली होती. १८ टाक्यांचा एक घास, म्हणजे ओळीत पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, चार ओळींची आवृत्ती, त्यातली एकच ओळ अवघड. त्या ओळीत प्रत्येक घासात सहा वेळा दोन टाके एकत्र विणायचे आणि सहा वेळा सुईवर लोकरीचा वेढा घ्यायचा. जितके कमी केले तितकेच वाढले पाहिजेत. माझे चार घास आणि दोन्ही कडांचे तीन-तीन, असे ७८ टाके. चव्वेचाळीस ओळी झाल्या होत्या, रोज रात्री आई झोपल्यावर विणलेल्या. त्या दिवशी क्लासमध्ये मोजले तर ७७ भरले. कुठेतरी एक वेढा राहिला होता. चूक माझी होती, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. मी नुसतं विचारलं, ‘कुठे चुकलं असेल?’ त्या ताईंनी माझ्या हातातून सुई घेतली, म्हणजे ओढलीच, ‘हे तुमच्याच्याने व्हायचं नाही, साधा मफलर करा,’ म्हणाल्या आणि लोकर खेचली. बारीक लोकर उसवताना एक आवाज येतो, सुर्रर्र असा. दहा जणींच्या समोर तो आवाज मी शेवटपर्यंत ऐकला. मग तो गुंतलेला पुंजका माझ्या मांडीवर टाकून त्या पुढच्या बाईकडे वळल्या. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. फी आधीच भरलेली होती, पण पुन्हा त्या जिन्याकडे फिरकले नाही. बसस्टॉपवर उभी असताना रडू आलं ते चव्वेचाळीस ओळींसाठी नव्हतं. मला न विचारता माझ्या हातातलं काढून घेतलं, हे गिळता येत नव्हतं. आजही येत नाही.

तरी पुन्हा टाके घातले. आईची थंडी क्लाससाठी थांबणार नव्हती.

आता तो गुरुवार. आई आत खांद्याला शेक घेत होती. मी बाहेरच्या बाकावर विणत बसले होते आणि एका पेशंटच्या नातवाचा धक्का लागून सुईचं टोक निसटलं. एक टाका गळला आणि बघता बघता पाच ओळी खाली उतरला. साध्या विणीत गळलेला टाका क्रोशाच्या सुईने वर चढवता येतो, ते मला येतं. पण जाळीत खाली वेढे असतात, एकत्र विणलेले टाके असतात, कुठला धागा कुणाचा तेच समजत नाही. मी तशीच बसून राहिले. हललं तर अजून सुटेल म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होते.

तुम्ही माझ्या शेजारी होतात. वाकून पाहिलंत, काही बोलला नाहीत. काठी घेतलीत आणि उठलात. दोन्ही गुडघे दुखणारा माणूस बाकावरून कसा उठतो, ते त्या दवाखान्यात मी रोज पाहते. आधी काठी टेकायची, मग थोडं थांबायचं, मग कंबर. मला वाटलं, तुमचा नंबर लागला. तुम्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या बेसिनपर्यंत गेलात. नळाखाली हात धुतलेत, साबण लावून, नखांच्या कडांपर्यंत. पर्समधून घडीचा रुमाल काढून एकेक बोट कोरडं केलंत. तेवढंच अंतर पुन्हा चालत आलात, बसलात आणि म्हणालात,

‘हात लावू का?’

बाई, पुढे तुम्ही जे केलंत त्याने स्कार्फ वाचला. पण मी वाचले ती या तीन शब्दांनी. मला ‘हो’ म्हणताच येईना, नुसती मान हलवली. तुम्ही हात पुढे केला नाहीत. ‘लावू ना?’ असं पुन्हा विचारलंत आणि माझ्या तोंडून ‘हो’ आल्यावरच सुईला बोट लावलंत.

मग पर्समधून ती पत्र्याची चपटी डबी निघाली. शिवणाची सुई आणि गडद हिरव्या दोऱ्याचं रीळ. गळलेल्या टाक्याला आधी सेफ्टी पिन लावलीत. त्याच्याही खालची एक साधी ओळ शोधलीत, जाळी नसलेली, आणि त्या ओळीच्या टाक्यांतून हिरवा दोरा ओवायला लागलात. सुई उलटी धरली होतीत, नेढं पुढे आणि टोक मागे. मी का विचारलं, तर म्हणालात, ‘टोक पुढे ठेवलं की लोकरीची तार दुभंगते. नेढं बोथट असतं, ते टाक्यातून गुमान जातं.’ प्रत्येक टाक्याचा उजवा पाय तेवढा उचलायचा. एक, दोन, तीन, करत अठ्ठ्याहत्तर. मध्ये तुमचा नंबर पुकारला तर त्या मुलीला तुम्ही सांगितलंत, ‘पुढचा घे, माझे एकोणचाळीस झालेत.’ तो आकडा मी विसरणार नाही.

दोरा ओवून झाला. आता वरच्या आठ ओळी उसवायच्या होत्या. मी काम तुमच्यापुढे सरकवलं, तर तुम्ही ते माझ्याकडेच परत ढकललंत. तोवर तुम्ही मला ‘तुम्ही’ म्हणत होतात, तिथे पहिल्यांदा ‘तू’ आलं.

‘उसवायचं तूच. तुझं काम आहे ते. याच्या खाली काही जात नाही आता, बघ.’

मी सुई काढली आणि लोकर ओढली. तोच आवाज. माझे खांदे आपोआप वर गेले. आठ ओळी उसवल्या आणि हिरव्या दोऱ्यापाशी येऊन लोकर थांबली. अठ्ठ्याहत्तर टाके दोऱ्यावर ओळीने बसलेले, एकही खाली गेला नाही. मी ते पुन्हा सुईवर घेत होते तेव्हा आई बाहेर आली आणि म्हणाली, ‘तुझा चेहरा किती उजळलाय!’ तिला काय सांगणार होते?

तुम्ही रीळ मला देऊन टाकलंत. दर आठ ओळींनी असा दोरा घालत जा, म्हणालात. पुढे दोनदा त्याचा उपयोग झाला, दोन्ही वेळा हात थरथरला नाही.

पुढच्या सोमवारी मी विचारलं, एवढं चालत जाऊन हात का धुतलेत? तुम्हाला प्रश्नच कळला नाही. ‘मग? दुसऱ्याच्या कामाला असाच हात लावायचा?’ मग सांगितलंत की तुमच्या आईची ती सवय. त्या लहान वयात विधवा झाल्या आणि सेवासदनात शिवण शिकल्या. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, हे मी पाठ्यपुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तिथे शिकलेल्या बाईची शिस्त इतक्या वर्षांनी कर्वे रोडवर माझ्या अबोली लोकरीपर्यंत येऊन पोचेल, हे कुठल्या पुस्तकात असणार? तुम्ही स्वतः मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलंत. तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलींचा मला हेवा वाटतो.

तेव्हापासून मी माणसांचे हात पाहायला लागले आहे. आईचा खांदा हलवण्याआधी ‘आजी, आता थोडं दुखेल, चालेल का?’ असं विचारणारा तिथला तरुण डॉक्टर. पिठाच्या गिरणीतला माणूस, जो डब्याचं झाकण उघडण्याआधी माझ्याकडे बघतो. आमच्या जिन्यात राहणारी कॉलेजची मुलगी, जी आईची पिशवी ‘घेऊ का’ विचारते आणि आई नको म्हणाली तर नुसती तिच्या चालीने शेजारून चालत राहते. ही माणसं आधीही होती, मला दिसत नव्हती. मदत करणारे पुष्कळ भेटतात, बाई. विचारून मदत करणारे फार थोडे. आणि म्हाताऱ्या माणसाला तर दिवसभर कुणी ना कुणी न विचारता उचलत, बसवत, सरकवत असतं. मीसुद्धा आईला तसंच सरकवत होते. आता तिच्या खांद्यावर काही घालायचं तर आधी विचारते. पहिल्या दिवशी तिने चमकून पाहिलं होतं.

शेवटचे टाके मकरसंक्रांतीच्या आदल्या रात्री बंद केले. सुईवरून उतरवला तेव्हा स्कार्फ अगदी चुरगळलेला, हाताएवढा दिसत होता, माझा जीव खाली-वर झाला. तुम्ही सांगितलं होतंत तसा कोमट पाण्यात भिजवला, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, पिळला नाही. गादीवर चादर घालून टाचण्यांनी चहूबाजूंनी ताणून लावला. शेटलंडमध्ये त्यासाठी लाकडी चौकटी असायच्या, आमच्याकडे आईची गादी. लाटा एकेक करून उघडत गेल्या आणि भोकांतून चादरीवरची फुलं दिसायला लागली. सुकेपर्यंत आई माझ्या खोलीत झोपली, तक्रार न करता. सकाळी खाली वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिला. ४६ ग्रॅम.

आईला विचारलं, घालू का? हो म्हणाली. गळ्याभोवती घातला, टोकं पुढे सोडली. ती थोडा वेळ तशीच बसली आणि मग म्हणाली, ‘अगं, घातलास का अजून?’

त्या दिवशी तिने तो रात्री झोपेपर्यंत काढला नाही.

तुमची डबी मी परत दिली होती, पण रीळ माझ्याकडेच आहे, अर्धं शिल्लक आहे. आणि दुसरी एक लड आणून ठेवली आहे, गर्द निळी, तुमच्यासाठी. रंग चालणार नसेल तर सांगा, अजून टाके घातलेले नाहीत. आईचे उपचार चालूच आहेत. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी अकरा वाजता आम्ही दोघी तिथेच असतो, बेसिनच्या बाजूच्या बाकावर.

तुमची,
अबोली लोकरवाली