तळमजल्यावरच्या बॉयलरवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय गणपतीच्या वर्गणीवर नेता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

इंग्लंडात, लीड्सला लेकीने घरामागे आठ बाय सहा फुटांचं काचघर घेतलं आणि त्यात कढीपत्ता, मोगरा, नागवेल, हळद असा संसार मांडला. ऑक्टोबर सरत आला तशी, थंडीत ही झाडं जगवायची कशी, या काळजीने तिची झोप उडाली. परळमध्ये बसून मी काय सांगणार? आपल्याकडे पारा १५ वर आला की लोक मफलर काढतात! गिरणीच्या बॉयलरवर हयात घालवलेला माणूस आपल्याच इमारतीत आहे, हे वेळेवर सुचलं.

हीटर कुठला, हे तुम्ही विचारलंच नाहीत. आधी काच मोजून मागवलीत. "गिरणीतही पहिलं पाइपाचं लॅगिंग, म्हणजे ऊब धरणारं वेष्टण बघायचो, कोळसा मागून." काच भरली साधारण १८ चौरस मीटर. एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे जवळपास ६ वॅट उष्णता निसटते. म्हणजे अख्ख्या काचघराला अंशामागे १०८. बाहेर उणे ३ असताना आत १२ ठेवायचे तर १६२० वॅट, १८ ठेवायचे तर २२६८. फटींतून जाणारी ऊब वेगळी. लाइट बिलाच्या पाठीवरचा तो हिशेब मी जपून ठेवलाय.

लेकीला १८ च हवे होते. तेव्हा तुम्ही विचारलंत, "तिथे डिसेंबरात दिवस केवढा?" साडेसात तासांचा. मुंबईत सगळ्यात छोटा दिवसही अकराच्या आसपास असतो. उजेड नाही आणि ऊब भरपूर, तर झाड फिकट आणि लांबुडकं होतं. त्यापेक्षा १२ वर निजू दे, पाणी जेमतेम घाल, असं तुम्ही तिला समजावलंत. झाडाला नुसती ऊब लागते असं मीही धरून चालले होते. आणि हळद कशाला तापवायची? पानं वाळली की कंद घरात कोरडे ठेवायचे. उरलेल्या कुंड्या एका बाजूला घेऊन बबल रॅपचा पडदा लावला, तर तापवायची जागाच निम्मी झाली.

जावई रॉकेलच्या हीटरवर अडून बसले होते. लिटरभर रॉकेल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन हवेत येतं, काचांवर ओघळतं, पानांना बुरशी धरते. झरोका उघडावा तर ऊब बाहेर. त्यापेक्षा थर्मोस्टॅटचा, पंखा असलेला विजेचा बरा. जावयांना हे सांगायचं काम मात्र तुम्ही माझ्या गळ्यात घातलंत, ते विसरणार नाही.

दिवसा तापून रात्री ऊब देईल म्हणून आत पाण्याचं पिंप ठेवायचा सल्ला तिला कुणीतरी दिला होता. २०० लिटर पाणी १० अंशांनी निवताना सव्वादोन युनिटांच्या आसपास उष्णता देतं. अख्खं काचघर तापवायला कडाक्याच्या रात्री सोळाएक लागली असती. "ठेव शोभेला," म्हणालात.

मोगरा आणि कढीपत्ता तगले. नागवेलीची पानं गळाली, पण कांडं हिरवं आहे. आता तिचा नवा प्रश्न आलाय: उन्हाळ्यात तेच काचघर थंड कसं ठेवायचं? रविवारी वर या, ती फोनवर असेल.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची वहिनी