डिग्री नाही, दोन आठवडे

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

निंदण कुठवर आलं? इकडे अमरावतीत झड लागली आहे. दारव्ह्याकडेही तशीच असेल, तर खालच्या वावरात पाणी तुंबू देऊ नका.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "फोटोचंच शिकायचं असेल तर रीतसर डिग्री कर, हातात कागद पाहिजे." तेव्हा मी गप्प बसले, कारण सांगायचं होतं ते फोनवर धड सांगता आलं नसतं. म्हणून लिहिते आहे.

कागदाची किंमत मला ठाऊक आहे. माझ्या बी.ए.ची फी कोणत्या वर्षीच्या कापसातून गेली तेही लक्षात आहे. मुंबईला जे. जे.च्या कला महाविद्यालयात उपयोजित कलेची डिग्री मिळते, त्यात फोटोग्राफीही शिकवतात. पण ती चार वर्षांची. आज माझ्याकडे लग्नाच्या ऑर्डरी आहेत. हळदीला बायकांच्या घोळक्यात मुलगी कॅमेरा घेऊन फिरते म्हणून लोक मला मुद्दाम बोलावतात. चार वर्षं गायब झाले तर हे गिऱ्हाईक परत यायचं नाही. शिवाय मला जे कमी पडतं आहे, त्याला चार वर्षं लागत नाहीत.

आई, वेचणीच्या वेळचा तुझा फोटो आठव. कमरेला ओटी, डोक्यावर पांढरा रुमाल आणि मागं फुटलेली पऱ्हाटी. फोटोत कापूस मळकट दिसला आणि तुझा चेहरा काळवंडला. कॅमेरा उजेड मोजताना समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. समोर पांढराशुभ्र कापूस आला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो गडद करून टाकतो. तिथं आपण एखाद-दीड स्टॉप उजेड वाढवायचा असतो; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. एवढं व्हिडिओ बघून कळतं. पण ऊन डोक्यावर आहे, तुझे हात थांबत नाहीत, अशा वेळी चेहरा सांभाळायचा की कापसाचा पांढरेपणा, हे ठरवायला शिकवणारं माणूस शेजारी उभं लागतं. आणि हा फोटो काढलास कशासाठी, हे विचारणारंही कोणी लागतं. लग्नघरची माणसं 'छान आलेत' म्हणतात आणि हिशेब चुकता करतात. त्यांचं बरोबरच आहे, पण त्यानं माझा हात सुधारत नाही.

म्हणून मी पुण्यातला दोन आठवड्यांचा वर्ग शोधला आहे. सकाळी उजाडताच कॅमेरा घेऊन बाहेर पडायचं, दुपारी आल्यावर काढलेल्यातले मोजकेच फोटो निवडायचे आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर मांडायचे. शिकवणारे एकेका फोटोवर बोलतात. का जमला, कुठं फसला, पाऊलभर डावीकडे सरकलं असतं तर काय झालं असतं. दुसऱ्या दिवशी तीच चूक घेऊन पुन्हा बाहेर. कॉलेजात बाकीचे विषयही असतात, इथं दिवसभर दुसरं काही नसतंच. माझ्यासारख्या हाताला काम असलेल्या माणसाला हीच रीत लागू पडेल, अशी माझी खात्री झाली आहे.

हे काही नवीन खूळ नाही, बाबा. अमेरिकेत मेन राज्यातल्या रॉकपोर्ट नावाच्या समुद्रकाठच्या लहानशा गावात 1973 पासून आठवड्या-आठवड्याचे असे वर्ग चालतात. कंबोडियात अंगकोरच्या देवळांजवळच्या सिएम रीप गावात 2005 पासून आशियातल्या तरुण फोटोग्राफरांना फी न घेता शिकवतात. तिथं अर्ज करायचं माझ्या मनात आहे, पण आधी हात तयार होऊ दे. आपल्याकडे पुण्याच्या एफटीआयआयनेही, म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनेही, 2017 पासून वेगवेगळ्या शहरांत छोटे अभ्यासक्रम सुरू केले. डिग्री न करता शिकू पाहणाऱ्यांसाठी अशा संस्थेनं दार उघडलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

वर्ग निवडताना मी घाई केली नाही. एका ठिकाणी वर्षभराचा डिप्लोमा होता, फीही बरीच. तिथं मी म्हटलं, तुमच्या मुलांनी काढलेले फोटो दाखवा. त्यांनी स्टुडिओ दाखवला, महागडे लाइट दाखवले, भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवली. फोटो काही निघाले नाहीत. मी परत आले. पुण्याच्या वर्गाला फोन केला तेव्हा शिकवणारेच बोलले. एका वेळी दहा-बाराच जण घेतात. आधी शिकून गेलेल्या दोन मुलींशी मी स्वतः बोलले, त्यातली एक अकोल्याकडची. रोज प्रत्येकाचे फोटो बघतात का, हे मी दोघींनाही विचारलं. बघतात.

प्रवेशासाठी आपले फोटो पाठवावे लागतात. मी शकुंतला रेल्वेचे पाठवले. बाबा, तुम्ही मूर्तिजापूरला जाताना ज्या गाडीत बसायचात, तिचं दारव्ह्याचं ठेसन. एके काळी आपल्याकडचा कापूस मुंबईकडे धाडायला इंग्रज कंपनीनं टाकलेली ती अरुंद लाइन, आता रुळांवर गवत माजलंय. त्यांना ते फोटो आवडले, पण म्हणाले, "माणसं कुठं आहेत?" एवढ्या एका प्रश्नानं मी दोन रात्री तेच फोटो उघडून बसले होते. परत आल्यावर तुम्हाला ठेसनावर घेऊन जाणार आहे. गाडीत कुठं बसायचात, कोणत्या स्टेशनावर काय खायचात, ते सगळं मला सांगायचं.

पैशाची काळजी करू नका, उन्हाळ्याच्या सीझनमधले बाजूला ठेवले आहेत. चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळे कामही बुडत नाही. नवा कॅमेरा घेत नाही, आहे तोच पुरतो. एक लेन्स तेवढी भाड्यानं घेईन. शेवटी प्रमाणपत्र देतात, पण त्यावर नोकरी लागत नाही हे आत्ताच सांगून ठेवते. मी ते घ्यायला जात नाहीये.

बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं निघेन आणि मावशीकडे हडपसरला उतरेन. आई, मावशीला तूच फोन कर. सकाळी अंधारात घराबाहेर पडावं लागेल, हे तिला आधी सांग, म्हणजे ती घाबरणार नाही. बाबा, तुमचा होकार मला तुमच्या तोंडून ऐकायचा आहे. रविवारी दुपारी फोन करते, वावरात जाऊ नका. पोळ्याच्या आधी घरी येईन.

तुमची लेक