थंडी आणि पिकांतले सूक्ष्म आरएनए

महोदय,

थंडीत तग धरणाऱ्या वाणांची चर्चा नेहमी जनुकांवर येऊन थांबते. त्या जनुकांना आवर घालणाऱ्या सूक्ष्म आरएनएंकडे मात्र फारसे कुणी वळत नाही. या रेणूंच्या शोधासाठी व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले, तेव्हा तरी (शोध कृमीतला असला तरी) पिकांबद्दल बोलले जाईल असे वाटले होते.

वनस्पतींतला हा रेणू जेमतेम २० ते २४ न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे आरएनएच्या साखळीतल्या दुव्यांचा). त्यातून प्रथिन बनत नाही. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसून तो आपल्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा जनुकाचा संदेश नेणारा रेणू, हेरतो. मग त्या संदेशाचे तुकडे होतात किंवा त्यापासून प्रथिन बनणे थांबते. गारठा पडला की काही तासांतच यांतल्या काहींचे प्रमाण बदलते आणि रोप वाढीची घाई सोडून बचावाकडे वळते.

भाताचेच पाहा. त्यात एमआयआर-३१९ या सूक्ष्म आरएनएचे प्रमाण वाढवल्यावर रोपे थंडीत अधिक तगली, पण पानेही रुंद झाली. कारण हाच रेणू पानांची वाढ ठरवणाऱ्या टीसीपी जनुकांवरही अंकुश ठेवतो. म्हणजे एक दोरी ओढली की दुसरी हलणारच. म्हणूनच रोपावस्थेतल्या निकालावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. भाताला खरा फटका परागकण तयार होताना बसतो. तेव्हा थंडी पडली तर दाणाच भरत नाही. नव्या वाणाची बातमी देताना चाचणी पिकाच्या कोणत्या अवस्थेत झाली, एवढे तरी आवर्जून छापावे, ही विनंती.

– एक वाचक