कार्बोरेटर गळतोय म्हणतोस, पण नक्की कुठून?

बेळगाव

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. ‘कार्बोरेटर ओव्हर होतोय, नवाच टाकू का?’ एवढंच विचारलंयस; म्हणजे त्यात पेट्रोल जास्त भरून बाहेर सांडतंय. थोडा थांब. सत्तरच्या दशकातली बुलेट, तिला कुणीतरी मागाहून बसवलेला मिकार्ब व्हीएम-२४ कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. आपल्या भागातल्या बहुतेक जुन्या बुलेटींची हीच गत आहे. या कार्बोरेटरात बिघडणाऱ्या वस्तू मोजून चार-पाच, आणि त्यातली एकही महाग नाही. शिवाय गळती बऱ्याचदा कार्बोरेटरची नसतेच.

पेट्रोल पातळ. कॉकच्या (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या) नटातून पाझरलं तरी पाइपावरून ओघळत येतं आणि वाटीच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्याच्या, बुडाला थेंब धरतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, वाटीच फुटली. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे कर. कॉक बंद कर, कॉकपासून वाटीपर्यंत सगळं फडक्यानं पुसून कोरडं कर. मग टाकी-कॉकचा सांधा, कॉकची मूठ, पाइपाची दोन्ही टोकं, वाटीचा जोड, ड्रेनचा (वाटी रिकामी करायचा) स्क्रू, सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरव. दहा मिनिटं बघ. मग कॉक उघड, अजून दहा मिनिटं बघ. पावडर पहिल्यांदा जिथं ओली होऊन काळवंडते, तिथं तुझा रोग. कॉक बंद असतानाच वरची पावडर ओली झाली, तर दुखणं टाकीच्या सांध्यात किंवा कॉकमध्ये.

हे काम अंगणात कर, सोप्यात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि देवघरातली समई किंवा परसातली चूल तिला पुरते. बाजूला वाळूची बादली ठेव.

आता कॉक. पाइप कार्बोरेटरकडून काढून बाटलीत सोड आणि कॉक बंद कर. पाइपात उरलेलं निथळून गेलं, की मग पाच मिनिटं बघ. बाटलीत थेंबसुद्धा पडता कामा नये. पडला, तर आतली रबराची चकती (जुन्या कॉकला बुचाची) संपली. बुचाची चकती गाडी महिनोन्‌महिने कोरडी उभी राहिली की आकसते. साधं रबर आताच्या पेट्रोलनं फुगतं. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई-२० पेट्रोल सुरू झालं, म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल. आपल्या चिकोडी-अथणीकडचाच ऊस फिरून तुझ्या वाटीत उतरतो म्हण ना! पण हे इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केलीस, की ओलावा आत जातो, पाणी तळाला बसतं आणि कॉक उघडल्यावर पहिल्यांदा वाटीत तेच येतं. वाटीच्या तळाला पांढरट खार दिसला तर समज. पाइपही जुना, कडक, टोकाला चिरलेला असेल तर दोन्ही टोकं कापत बसू नकोस, इथेनॉल चालणारा नवा घे.

ओव्हरफ्लोच्या (वाटी जास्त भरली की पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या) नळीतून येत असेल, तर मात्र दोष आत आहे. वाटीत पेट्रोल चढलं की फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ तुकडा, वर येतो आणि निडल, म्हणजे टोकदार झडप, तिच्या सीटवर (बसायच्या भोकावर) दाबून पेट्रोल अडवतो. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं वाटीवर दोन-तीन हलक्या टिचक्या मार. थांबलं, तर निडलखाली कचरा अडकला होता किंवा फ्लोट चिकटला होता. ड्रेन उघडून कपभर पेट्रोल जोरात सोडून दे, कचरा निघतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तर टाकीत गंज आहे का तेही बघ. असला, तर निडल कितीदा बदललीस तरी आठवड्यात परत गळणार.

आता उघड. वाटीचे चार स्क्रू; डोक्यात घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हरच लाव, नाहीतर खाचा झिजतील आणि मग छिन्नी-हातोडी आलीच. फ्लोटची पिन हळू ढकल. तिला धरणारे कान मोडले तर मग खरंच नवा कार्बोरेटर. फ्लोट कानाशी हलवून बघ: आत खळखळ म्हणजे तो भरलाय. शंका असेल तर गरम, पण उकळतं नसलेल्या पाण्यात बुडवून धर. बारीक बुडबुड्यांची माळ निघाली, तर तिथं भोक. असा जड फ्लोट निडल दाबतच नाही, पातळी कितीही चढू देतो.

निडलचं टोक नखाखालून फिरव. कोनावर गोल वळी पडली असेल तर ती फेक. नवी घेताना व्हायटन रबराच्या टोकाची माग. स्वस्त किटमधलं साधं रबर फुगतं. आता जी गोष्ट बहुतेक जण विसरतात ती. पितळी सीट आट्यांची असते, तिच्याखाली एक बारीक वॉशर असतो. तो पिचला, की पेट्रोल निडलला वळसा घालून आट्यांतून उतरतं. निडल नवी, सीट नवी, तरी वाटी भरतेच. म्हणून सीट काढल्यावर वॉशर नवाच घाल. सीटच्या तोंडाला ग्राइंडिंग पेस्ट लावू नकोस, बसण्याची कडा रुंद होते. कानात घालायची कापसाची काडी, थोडं पितळ उजळायचं पॉलिश, पाच-सात फेऱ्या, मग पेट्रोलनं धुऊन फुंकर. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नवी सीट वळवून घ्यायचा मोह होईल, पण बाजारात मिळते ती वळवायची कशाला?

तपासणी सोपी आहे. कार्बोरेटर उलटा धर, फ्लोटच्या वजनानं निडल बसू दे, आणि पेट्रोलच्या नळीला इंजेक्शनची वीस मिलीची सिरिंज जोडून हळू दाब. दट्ट्या अडला पाहिजे. फ्लोट उचललास की हवा सुटली पाहिजे. कॉम्प्रेसरचा जोर लावू नकोस, त्याला निडल हरतेच. उलट्या धरल्यावर फ्लोटचा दांडा वाटीच्या जोडाच्या पातळीला समांतर हवा. नसेल तर निडलवर टेकणारी जिभली केसभर वाकव. फ्लोट दाबून वाकवलंस तर निडलचं रबर चेपतं. गाडी मेन स्टँडवर गळत नाही, साइड स्टँडवर मात्र गळते, असं असेल तर पातळी थोडीच वर आहे. जिभली पुरते, बाकी काही बदलायला नको.

जोडातून ओलावा येत असेल तर वाटीची कड काचेवर ठेवून बघ. स्क्रू आवळून-आवळून कोपरे वाकलेले असतात. काचेवर चारशे नंबरचा सँडपेपर ठेवून आठाच्या आकारात घास, नवं गॅस्केट घाल, स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे आवळ. सिलिकॉन लावायला कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. पेट्रोलमध्ये त्याचे तुकडे सुटतात आणि जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांत) जाऊन बसतात.

एक राहिलं. बंद गाडीत रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरलं असेल तर थेट किक मारू नकोस. प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, चार-पाच वेळा किकनं इंजिन हळू फिरव. ऑइलची काडी हुंगून बघ. पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय, बदलल्याशिवाय चालवू नकोस.

सगळं झालं, की खाली कोरा पुठ्ठा ठेवून अर्धा तास मेन स्टँडवर, मग पंधरा मिनिटं साइड स्टँडवर. पुठ्ठा ओला झाला, तर डाग कुठं पडला त्याचा फोटो पाठव. तेवढ्यासाठी तवंदी घाट ओलांडून निपाणीहून इथवर येऊ नकोस.

तुझा,
मित्र