गाण्याला मत, व्हिडिओवर अन्याय

महोदय,

मित्रमंडळींनी एकत्र जमायचे, जुने गाजलेले म्युझिक व्हिडिओ ओळीने लावायचे आणि शेवटी मते टाकून अव्वल कोण ते ठरवायचे, हा खेळ आता चांगलाच रुळला आहे. त्याविषयी छापून येते ते बहुधा आठवणींच्या अंगाने. मते कशी घ्यावीत यावर कुणी लिहीत नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. निकाल व्हिडिओचा म्हणून जाहीर होतो, पण जिंकलेले असते लाडके गाणे, नाहीतर सर्वांत शेवटी लागलेली क्लिप, नाहीतर सर्वांत मोठ्याने वाजलेली क्लिप.

मोठ्या व्यासपीठांवरही निकाल असेच फाटतात. एमटीव्ही या अमेरिकी संगीत वाहिनीचे व्हिडिओ पुरस्कार १९८४ साली सुरू झाले. त्या पहिल्याच वर्षी प्रेक्षकांनी पसंती दिली मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला, तर वर्षातला सर्वोत्कृष्ट व्हिडिओ ठरला ‘द कार्स’ या बँडचा ‘यू माइट थिंक’. १९८६ मध्ये ‘टेक ऑन मी’ने दिग्दर्शनाचा आणि प्रेक्षकपसंतीचा असे दोन्ही पुरस्कार नेले, पण सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा मान गेला ‘मनी फॉर नथिंग’कडे. गंमत अशी की या दोन्ही व्हिडिओंचा दिग्दर्शक एकच, स्टीव्ह बॅरन. यातला कोणताच निकाल चुकला असे म्हणता येत नाही. कोणाला काय विचारले, यावर तो ठरला. घरच्या बैठकीत मात्र बहुतेक वेळा काही विचारलेलेच नसते. ‘आवडले त्याला द्या मत’ एवढ्यावर काम भागवले जाते आणि मग प्रत्येक जण आपापल्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

तेव्हा मतपत्रिकेच्या माथ्यावर एक वाक्य लिहावे. आमच्या मते उत्तम वाक्य हे: ‘गाणे अनोळखी असते, तरी हा व्हिडिओ पुन्हा पाहिला असता का?’ त्याखाली दोन रकाने आखावेत, एक गाण्याचा आणि एक व्हिडिओचा. गाण्याच्या रकान्यातले गुण मोजायचे नाहीत, आणि हे सगळ्यांना आधीच सांगून टाकायचे. मग तो रकाना ठेवायचा कशाला? गाण्यावरचे प्रेम ओतायला जागा हवी म्हणून. ती नसली की ते प्रेम शेजारच्या रकान्यात सांडते. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिताना हात आपोआप थबकतो आणि ‘गाणे नऊ, व्हिडिओ चार’ असे प्रामाणिक उत्तर कागदावर उतरते.

यादीचे काम सोपे, पण ते बैठकीआधी उरकलेले हवे. दहा माणसे आणि बारा व्हिडिओ हे प्रमाण झेपते. सरासरी साडेचार मिनिटे धरली तर बारा क्लिपना ५४ मिनिटे लागतात. प्रत्येकीनंतर लिहायला एक मिनिट आणि मध्यंतराला पंधरा मिनिटे जोडली की ८१ मिनिटे होतात. म्हणजे मोजणीसह दोन तासांत सगळे आटोपते. वीस व्हिडिओ घेतले की शेवटच्या पाचांकडे कुणाचे लक्ष नसते. लांबी आधी तपासावी, कारण ‘थ्रिलर’सारखा जवळपास चौदा मिनिटांचा लघुपट एकटाच तीन क्लिपांची जागा खातो. ‘गाजलेला’ म्हणजे कोणत्या सालापर्यंतचा, हेही आधी ठरवून जाहीर करावे. नुसते गाण्याचे नाव न घेता नेमकी कोणती आवृत्ती ते लिहून घ्यावे. ‘ओके गो’ बँडच्या ‘धिस टू शॅल पास’चे २०१० सालचे दोन अगदी वेगळे व्हिडिओ आहेत. एकात वाद्यवृंद कवायत करतो, दुसऱ्यात यंत्रांची लांबलचक साखळी एकमेकांना ढकलत जाते. नाव एकच असल्यामुळे भलताच लावला जाऊ शकतो. झपाट्याने लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या क्लिपा यादीत असतील, तर त्याचा त्रास कुणाला होतो का, हे बोलावतानाच विचारावे.

आता पडद्याकडे वळू. इथे होणारा अन्याय डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले बहुतेक व्हिडिओ ४:३ (रुंदी चार तर उंची तीन) या चौकटीत बनले, आजचे पडदे १६:९ आहेत. योग्य रीतीने लावले तर चित्र पडद्याच्या रुंदीचा पाऊण भाग व्यापते आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. हे पट्टे पाहून कुणी तरी रिमोट उचलतो आणि चित्र ‘भरून’ टाकतो. चित्र ताणले तर माणसे एक तृतीयांशाने रुंद होतात. मोठे करून कापले तर वरून-खालून मिळून चित्राचा चौथा हिस्सा जातो, म्हणजे नाचणाऱ्यांचे पाय किंवा कपाळे. नृत्यावर उभ्या असलेल्या व्हिडिओचे पाय कापायचे आणि मग त्याला कमी गुण द्यायचे, हा कुठला न्याय? काही नव्याने झळाळी दिलेल्या प्रती मुळातच अशा कापलेल्या असतात. तेव्हा दोन प्रती शेजारी लावून पाहाव्यात, आणि चित्र थोडे मऊ असले तरी पूर्ण चौकटीची प्रत घ्यावी.

दुसरे म्हणजे टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते, पण चित्राच्या सेटिंगमध्ये ती सापडते. ती बंद करावी. फिल्मवर चित्रित झालेल्या क्लिपांमध्ये बहुधा सेकंदाला २४ किंवा २५ चित्रे असतात. ही सोय त्यांच्या मध्ये स्वतःची चित्रे घुसवते आणि मग महागडे छायाचित्रण मालिकेच्या सेटसारखे सपाट दिसू लागते. स्टॉप-मोशनच्या, म्हणजे एकेक स्थिर चित्र टिपून हालचाल भासवणाऱ्या क्लिपांचे तर फार हाल होतात. ‘स्लेजहॅमर’ची सगळी जादू एका स्थिर चित्रावरून दुसऱ्यावर पडणाऱ्या उडीत आहे. ती उडीच पुसली गेली तर पाहायचे काय?

आवाजाचे दोन मुद्दे. ब्लूटूथ स्पीकर लावला की आवाज ओठांच्या मागे पडू शकतो. उपकरण ही चूक भरून काढत नसेल, तर तालावर कापलेले संकलन ढिसाळ वाटते आणि दोष बिचाऱ्या संकलकावर जातो. शक्यतो तार लावावी. ते जमत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज-चित्राचा मेळ घालायची सोय असते का ते पाहावे. दुसरा मुद्दा पातळीचा. नव्वदच्या दशकापासून ध्वनिमुद्रणे अधिकाधिक मोठ्याने उतरवली गेली, त्यामुळे आधीच्या क्लिपा शेजारी दबलेल्या वाटतात. आणि तेच गाणे थोडे मोठ्याने वाजले की ऐकणाऱ्याला अधिक चांगले वाटते, हा कानाचा जुना खोडसाळपणा आहे. तालमीच्या वेळी प्रत्येक क्लिपसाठी आवाजाचा आकडा ठरवून तो यादीत तिच्यासमोर लिहून ठेवावा, म्हणजे आयत्या वेळी अंदाजाने वरखाली करावे लागत नाही.

ही तालीम आदल्या दिवशी त्याच पडद्यावर, त्याच जोडणीने करावी आणि प्रत्येक क्लिप शेवटपर्यंत चालवावी. काही प्रती शेवटी छाटलेल्या असतात, काही तुमच्या भागात उघडतच नाहीत. आपोआप पुढचे लागणे आणि उपशीर्षके, दोन्ही बंद करावीत. दिवे मंद असावेत, पण लिहिता येईल इतके.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. पहिल्या क्लिपला गुण देताना लोक हात आखडता घेतात, न जाणो पुढे याहून चांगले आले तर! शेवटची क्लिप मोजणीच्या वेळी सर्वांत ताजी असते. हा दोष पुरता जात नाही, पण एक उपाय त्याची धार बोथट करतो: सगळे पाहून झाल्यावर अंतिम क्रम लिहिण्याआधी प्रत्येक क्लिपचे पंधरा सेकंद पुन्हा दाखवावेत, तेही आवाज बंद करून. बारा क्लिपांना तीन मिनिटे लागतात. गाणे गळून पडते आणि उरलेले चित्र एकटे काय करते ते दिसते. ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ हा १९९० चा व्हिडिओ बराचसा एका चेहऱ्यावर चालतो, तरी आवाजाविना नजर हटत नाही. उलट नुसता बँड वाजवताना दाखवणाऱ्या कित्येक क्लिपा या तीन मिनिटांत कोसळतात. अख्खी फेरीच मुकी घ्यावी असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तालाशी बांधलेले संकलन आवाजाविना तोलताच येत नाही.

निर्मितीच्या गोष्टी मतदानानंतर सांगाव्यात. ‘टेक ऑन मी’साठी सुमारे ३,००० चित्रे हाताने रेखाटली गेली हे आधी कळले, की मत कष्टांना पडते. सांगायचेच असेल तर प्रत्येक क्लिपबद्दल एकेक वाक्य सांगावे, नाहीतर कुणाबद्दलच नको.

आता मोजणी. दहापैकी गुण देऊन बेरीज करणे सर्वांत सोपे, म्हणून सर्वत्र तेच चालते. त्यातला दोष असा, की एक जण सहा ते आठच्या दरम्यान फिरतो आणि दुसरा बिनधास्त एक आणि दहा देतो. बेरजेत या दुसऱ्याचे वजन कितीतरी अधिक पडते. गुण स्वतःच्या आठवणीसाठी लिहावेत, मोजणीला मात्र क्रम घ्यावा. युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत १९७५ पासून १२, १०, ८ आणि मग ७ ते १ असे गुण दिले जातात आणि स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. बारा व्हिडिओंच्या बैठकीला ५, ४, ३, २, १ असे पहिले पाच क्रमांक पुरतात. आपण सुचवलेल्या क्लिपला मत नाही, हा नियम तसाच उचलावा. एकच क्लिप दोघांनी सुचवली असेल, तर आधी नाव देणाऱ्यालाच सुचवणारा मानावे. दोघांनाही अडवले तर त्या क्लिपचा एक मतदार विनाकारण कमी होतो.

हात वर करून मत घेऊ नये. सगळ्यांत बोलक्या माणसाकडे पाहून चार हात वर जातात. चिठ्ठी गुप्त असावी आणि कोणी काय सुचवले हे निकालानंतर सांगावे. ओळखीच्या मंडळींत ते फारसे लपत नाही म्हणा!

एकास एक लढती लावून बाद फेरी खेळायचा मोह अनेकांना होतो, कारण त्यात रंगत असते. पण तीन मतदार आणि तीन व्हिडिओ घेऊन पाहा. पहिल्याची पसंती क-ख-ग, दुसऱ्याची ख-ग-क, तिसऱ्याची ग-क-ख. क हरवतो ख ला, ख हरवतो ग ला आणि ग हरवतो क ला, प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक. मग पहिली लढत कोणत्याही दोघांत लावा, जो बाहेर बसला तोच शेवटी जिंकतो. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या काँदोर्से या गणितज्ञाने हा पेच मांडून ठेवला आहे. विजेता मतदारांऐवजी लढतींचे वेळापत्रक बनवणारा ठरवत असेल, तर एवढी माणसे जमवायची तरी कशाला?

बरोबरी झाल्यास काय, हे पत्रिकेवर आधीच छापावे. आधी पहिल्या क्रमांकांची संख्या पाहावी. तीही सारखी निघाली तर त्याच पत्रिका पुन्हा चाळून, त्या दोघांपैकी कोणाला किती जणांनी वर ठेवले ते मोजावे. नवे मतदान नको, कारण तोवर कोण कोणाच्या बाजूचा हे सगळ्यांना कळलेले असते. निकाल खालून वर वाचावा, आणि न मोजलेल्या गाण्याच्या रकान्याची बेरीजही सोबत वाचून दाखवावी. दोन्ही याद्यांत अव्वल नाव एकच निघाले, तर पुढच्या वेळी मतपत्रिकेवरचे वाक्य अधिक कडक करावे.

आपला,
एक वाचक