जुनी बडतर्फी तपासताना कायदा कोणता लावायचा?

महोदय,

ब्रिटिश अमदानीत बडतर्फ झालेल्या पोलिसांची वादग्रस्त प्रकरणे पुन्हा तपासावीत, ही मागणी रास्त आहे. ठाण्यात शोध घेताना आधी जिल्ह्याची तेव्हाची हद्द पाहावी. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होईपर्यंत वांद्र्याचा शिपाईसुद्धा ठाणे जिल्ह्याचा होता.

खरी चूक मात्र पुढे होते. सरकारी नोकराला बडतर्फीपासून संरक्षण देणारे राज्यघटनेचे कलम ३११ तेव्हा नव्हतेच, तरी तेच लावले जाते. थोडा माहीतगार असेल तो १९३५ च्या भारत सरकार कायद्याचे कलम २४० दाखवतो: नेमणूक करणाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये आणि कारण दाखवण्याची वाजवी संधी द्यावी. पण त्याच कायद्यात कलम २४३ आहे. पोलीस दलातील कनिष्ठांच्या सेवाशर्ती त्या त्या पोलीस कायद्यानेच ठरतील, असे ते सांगते. वायव्य सरहद्द प्रांतातील सब-इन्स्पेक्टर सूरज नारायण आनंद यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधील तेव्हाचे अंतिम अपील न्यायालय) बडतर्फीही सेवाशर्तींतच धरली. म्हणून ठाण्याच्या हवालदाराच्या प्रकरणाला १८९० चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा आणि हुकमाच्या तारखेला लागू असलेले नियम लावावेत. मुंबई शहरातल्या शिपायासाठी १९०२ चा वेगळा कायदा होता.

त्यानंतर कागद. नेमणुकीचा हुकूम, दोषारोप, साक्षीदारांचे जबाब व उलटतपासणी, लेखी बचाव, चौकशी अधिकाऱ्याचा निष्कर्ष, शिक्षेचा हुकूम, अपिलाचा निकाल, या क्रमाने तारखा मांडाव्यात. बचाव दाखल होण्याआधीच निष्कर्ष लिहिलेला असेल किंवा तक्रारदारच चौकशी अधिकारी असेल, तर ते प्रकरण नक्कीच पुन्हा उघडण्याजोगे आहे. अनेकदा हाती फक्त शेवटचा हुकूम लागतो. त्यातली हकिकत वरिष्ठांची बाजू असते, ती पुरावा म्हणून उतरवून घेणे हा त्या माणसावर दुसरा अन्याय आहे. उलट, फौजदारी खटल्यात सुटका झाली एवढ्यावरून खात्याची शिक्षा आपोआप चुकीची ठरत नाही, कारण दोन्हीकडे पुराव्याची कसोटी वेगळी असते. देशभक्तीपायी नोकरी गेली, असे घरात सांगितले जात असेल, तर तेही दोषारोपाच्या मूळ कागदाशी ताडून पाहावे.

जिल्ह्यातील जुन्या शिक्षा-नोंदवह्या, सेवापुस्तिका व मोडीतील जबाब जिथे उरले असतील, तिथून ते रद्दीत जाण्यापूर्वी पुराभिलेख संचालनालयाकडे सोपवावेत, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

– जुन्या पोलीस दफ्तराचे अभ्यासक, ठाणे