तुझा स्पायडरमॅन माझ्याकडेच आहे

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

दोन वर्षे पत्र नाही, त्याबद्दल तू मला जे काही म्हणत असशील ते सगळे मान्य आहे. गुडघे बरे आहेत, साखर आटोक्यात आहे. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने.

माळ्यावरची ट्रंक काढली, तर तळाशी तुझा 1984 सालचा स्पायडरमॅन कॉमिकचा अंक निघाला. तो तुझाच, कारण मुखपृष्ठाचा वरचा कोपरा अजून तळलेल्या पापडासारखा फुगलेला आहे. तिथला ठसा म्हणजे अमेरिकेचे पोस्टाचे तिकीट अशी तुझी खात्री होती, आणि ते सोडवायला तू कोपरा वाटीत भिजत घातला होतास. ते तिकीट नव्हते, हे मी तेव्हाही सांगत होतो. काय होते, ते मात्र मलाही ठाऊक नव्हते. आता कळले. कॉमिक्समुळे मुले बिघडतात अशी ओरड तिकडे डॉ. वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने केली, 1954 मध्ये सिनेटपुढे सुनावणी झाली, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच नियम करून हा मंजुरीचा शिक्का काढला. 1971 मध्ये अमली पदार्थांवरच्या कथेसाठी स्पायडरमॅनचे तीन अंक शिक्क्याविना निघाले आणि मग नियम सैल झाले. थोडक्यात, तो सोवळ्याचा शिक्का होता, आणि तू तो पाण्यात घालून आणखी सोवळा केलास.

पण मला झोप लागू देत नाही ती खालची डावी चौकट. माझ्या अंकावर तिथे बारकोड होता, तुझ्यावर स्पायडरमॅनचे इवलेसे तोंड. आठवीच्या वर्गात, सगळ्यांसमोर, मी तुझा अंक नकली ठरवला. ‘बारकोड छापता आला नाही म्हणून चोरांनी तोंड काढले,’ हे माझेच वाक्य. मग मोठ्या मनाचा आव आणून माझा ‘अस्सल’ अंक तुला दिला आणि बदल्यात तुझा नकली व वर वेताळाचे दोन इंद्रजाल कॉमिक्स घेतले.

परवा भाचा अमेरिकेतून आला होता. अंक हातात घेताच म्हणाला, मामा, हा खास कॉमिक्सच्या दुकानांतला. तिकडे पेपरच्या स्टॉलवर न खपलेले अंक परत घेत. पूर्ण अंक धाडायचा खर्च नको म्हणून नुसते मुखपृष्ठ फाडून पाठवले तरी पैसे मिळत. कॉमिक्सची दुकाने मात्र जास्त सवलतीत माल घेत आणि तो परत करता येत नसे. कोणी स्वस्तात घेतलेला अंक स्टॉलचा म्हणून परत करून पैसे उकळू नयेत, यासाठी दोन्हींवर वेगळी खूण असे. स्टॉलच्या अंकाला बारकोड, दुकानाच्या अंकाला तोंड. आतली पाने तीच, छापखाना तोच, किंमतही तीच साठ सेंट. म्हणजे बंड्या, ती खूण लबाडी रोखण्यासाठी होती आणि मी तिच्याच आधारे लबाडी केली.

तू म्हणशील, एवढ्याशा गोष्टीसाठी चार पाने? पण त्या दिवसानंतर तू कॉमिक्स वर्गात आणलीच नाहीस, हे मला आठवते. (कॅरमच्या राणीचे प्रकरण यात आणू नकोस, तिथे लबाडी तुझीच होती, आणि सुध्या अजून साक्षीला आहे.)

तुझा अंक उद्या स्पीड पोस्टने धाडतो, कोपऱ्यासकट. वेताळाचा एकच अंक सापडला, तोही सोबत आहे. दुसरा बहुधा वाळवीने वाचला. माझा बारकोडवाला तुझ्याकडे असेल, तर तो तूच ठेव.

लेकीच्या नोकरीचे ऐकले, फार आनंद झाला. इंदूरचे नवे घर मानवले का? वहिनींना नमस्कार. अंक पोहोचला की कळव, आणि ट्रंकेत एक दुमडलेली चिठ्ठी निघाली आहे, तुझ्या अक्षरातली, तिचे काय करायचे तेही कळव.

तुझा,
अव्या